शुक्रवारची मंगळी

पोशीरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला जी कातकरवाडी आहे, तिथली मंगळी गोमा हिलम प्रश्न विचारण्यात कुणाला हार जायची नाही. तिसरीत असताना तिने भोईर गुरुजींना विचारलं होतं, पृथ्वी फिरते तर आपली वाडी रोज सकाळी डोंगराच्या त्याच बाजूला कशी सापडते? गुरुजींनी तिला फळा पुसायला लावला. रेशनच्या रांगेत उभी राहिली तरी पुढच्या बाईचं माहेर, सासर आणि तिच्या पायाला काय लागलंय एवढं काढून घेतल्याशिवाय ती पुढे सरकायची नाही. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे, तोवर ती पारूमावशीकडे असायची. मावशी म्हणायची, "या पोरीला जेवाण नको, बातमी द्या. पोट भरंल."

ही खोड पुढे कबड्डीत कामाला आली. चढाईला गेली की मंगळी समोरच्यांची तोंडं बघायची नाही, पाय बघायची. कोण कुठल्या पायावर भार देऊन उभी आहे एवढं कळलं की पुढचं सोपं, असं ती म्हणायची, आणि तिला ते सोपं जायचंही. पोशीरच्या मुलींच्या संघात ती एकटी वाडीवरची. या जानेवारीत तिचं नाव जिल्ह्याच्या कुमारी संघात आलं, तेव्हा वाडीत कुणीतरी फटाक्याची अख्खी माळ लावली.

माळ वाजून गेली आणि कागद आडवा आला. कुमारी संघाला वय वीसच्या आत लागतं. मंगळीच्या आधार कार्डावर जन्मतारीख होती एक जून दोन हजार पाच.

आता ही एक जून काय भानगड आहे ते सांगायला हवं. आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यातल्या शाळेचं जुनं रजिस्टर उघडा, एक जूनला जन्मलेल्या पोरांचा नुसता सुकाळ दिसेल. पोराचा बाप तारीख सांगू शकला नाही की गुरुजी एक जून टाकून मोकळे. मंगळीच्या वर्गातल्या अठ्ठावीस जणांपैकी एकोणीस जणांचा वाढदिवस त्या एकाच दिवशी यायचा, आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी असायची.

"सर, मी जूनमधली नाय. मी थंडीतली हाय," मंगळीने प्रशिक्षक स्वप्नील सरांना सांगितलं. "बाप एकदा बोलला होता. भट्टीवर झालीस, लय गारठा होता म्हणून."

"कुठल्या थंडीतली? दोन हजार पाचमधली की नंतरची?" सर म्हणाले. "नंतरची असशील तर तू बसतेस. पाचमधली असशील तर बाद. जिथं जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीत नोंद असेल. सोमवारपर्यंत दाखला आण."

तिने बापाला फोन लावला. गोमा आणि भागी तेव्हा नेरळच्या अलीकडे एका भट्टीवर होते. "मी कुठल्या भट्टीवर झाले?" या प्रश्नावर गोमाने विचारलं, "जेवलीस का?" तिने पुन्हा विचारलं. मग फोन आईच्या हातात गेला. भागी म्हणाली, "तुला काय करायचंय ते? खेळायचं तर खेळ की," आणि फोन बंद झाला. कुठल्या साली कुठल्या ओढ्यात किती खेकडे सापडले ते गोमाला तोंडपाठ असायचं, आणि लेक कुठे जन्मली ते आठवत नव्हतं. मंगळीला हे पटलं नाही. खरं तर तिला रागच आला.

गुरुवारी सकाळी ती छायाच्या स्कूटीवर मागे बसली. छाया संघाची कप्तान, पोशीरच्या भातशेतीवाल्या घरातली, आणि संघात मंगळी नसेल तर चढाई कोण करणार या काळजीने तिची झोप उडालेली. पेट्रोल भरून घेतलं, भावाचं हेल्मेट घातलं आणि ती म्हणाली, "बोल, पहिलं कुठं?"

"गुरुजींकडं. ज्यांनी जूनची केली त्यांनाच विचारू."

भोईर गुरुजी निवृत्त होऊन नेरळला राहत होते. अंगणात शेवग्याच्या शेंगा काढत होते. मंगळीला बघून त्यांनी काठी खाली ठेवली आणि तिने काही विचारायच्या आधीच म्हणाले, "पृथ्वी फिरते तेव्हा वाडीही तिच्याबरोबर फिरते. तेव्हा सांगायला सुचलं नाही."

त्यांना सगळं आठवत होतं. गोमा लेकीला शाळेत घालायला आला तेव्हा त्याच्याकडे लसीचं एक गुलाबी कार्ड होतं, पावसात भिजून लगदा झालेलं. नाव वाचता येत होतं, मंगळी. साल वाचता येत होतं, दोन हजार पाच. महिना पुसला होता. "म्हणून मी एक जून टाकली. पत्ता होता लोधिवलीच्या भट्टीचा. एवढ्या लांबचं कार्ड कसं, म्हणून मी विचारलंही."

"मग बाप काय बोलला?"

"भट्टी, एवढंच म्हणाला." गुरुजी शेंगा जुळवू लागले. "दुसरंही एक विचारलं होतं मी. कार्डाच्या हिशेबाने तू सहा वर्षांची, आणि दिसायला पाचचीही नव्हतीस. दातसुद्धा सगळे दुधाचे. गोमाला म्हटलं, पोरगी लहान वाटते. तर म्हणाला, आमच्या घरात समदी ठेंगणीच असतात."

छायाने मंगळीकडे खालून वर बघितलं. मंगळी तिच्याहून टीचभर उंच होती आणि गोमा तर दारातून वाकल्याशिवाय आत यायचा नाही. गुरुजींनी दोघींना शेंगांची एक जुडी बांधून दिली. नको म्हणायची सोय नव्हती.

कर्जत मागे टाकून त्या चौकच्या रस्त्याला लागल्या. दोन्ही बाजूंना मोठाली फाटकं आणि आत कुणीच नसलेले बंगले. मंगळी मागून ओरडून विचारत होती, यांच्या झाडांना पाणी कोण घालतं, कुत्र्यांना कोण खाऊ घालतं, माणसं येतातच कशाला मग. छाया म्हणाली, "तू मागं बसलीस की गाडी कमी आन तोंड जास्त चालतंय." पण तीही फाटकांतून आत डोकावत होतीच. चौकहून जुन्या हायवेला लागून त्या लोधिवलीला पोचल्या तेव्हा ऊन डोक्यावर येत होतं.

भट्टी कधीच बंद झाली होती. तिथे आता रोपवाटिका होती आणि काळ्या पिशव्यांत कढीपत्ता, पेरू, जास्वंद रांगेने उभी होती. मालकीणबाई तीच. इंदूबाई, सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, नजर मात्र तीक्ष्ण. मंगळीने "गोमा हिलमची मंगळी" असं म्हणायचा अवकाश, बाईंनी हातातली झारी टाकली.

"अगं बया! भागीची मंगळी? एवढी झालीस?" त्यांनी तिला धरून पायरीवर बसवलं. "तू माज्या डोळ्यांसमोर चालाया लागलीस गं. तुला ठाव हाय का, तू काय करून ठेवलंस ते? ओल्या विटा थापून वाळत घातलेल्या. तू सुटलीस आईच्या हातातून, आन चाललीस विटांवरनं. दुडूदुडू. या टोकापास्नं त्या टोकापोत. प्रत्येक विटेवर येवढंसं पाऊल. आमचे हे लय रागीट, समद्यांना वाटलं आता भागीची खैर नाय. ह्ये आले, बघितलं, आन हसाया लागले. म्हणाले, जाऊ दे भट्टीत तशाच. त्या विटा कुणाच्या घरात गेल्या देव जाणे."

मंगळी ऐकतच राहिली. तिच्या लहानपणाची एकही गोष्ट तिला आजवर कुणी सांगितली नव्हती. घरी विचारलं की आई उठून पाणी भरायला जायची. आणि इथे, वीस कोसांवर, एका परक्या बाईकडे तिची आख्खी गोष्ट पडून होती. तिला इतका आनंद झाला की कशाला आलो तेच ती विसरली.

छाया विसरली नव्हती. "आजी, कुठलं साल ह्ये?"

"सव्वीस जुलैचा पाऊस झाला ना, तो पूर? त्याच्या पुढचा हंगाम. दिवाळी झाल्यावर ही आली ती आईच्या कडंवर, सातआठ महिन्यांची. होळीपोत चालाया लागली."

छायाने मनातल्या मनात बोटं मोजली आणि तिचा चेहरा पडला. दिवाळीला सातआठ महिन्यांची म्हणजे जन्म झाला चैत्राच्या आसपास, त्याच सालच्या उन्हाळ्यात. एक जूनच्याही आधी. म्हणजे बादच.

"मी हितं नाय झाले?" मंगळीने विचारलं.

"छे गं. तुमच्या वाडीवरच झालीस. मंगळवारची म्हणून मंगळी, भागीच सांगायची." इंदूबाईंनी अचानक तिच्या सलवारीचा डावा काठ वर केला. "बघू, डाग हाय का? निखाऱ्यावर पाय पडला होता तुजा. घोट्यापास्नं येवढं सालटं निघालं. मीच कोरफड लावायची रोज." त्यांनी घोटा निरखून बघितला, मग दुसराही बघितला. "गेला वाटतं. बरं झालं."

"आमी मग परत नाय आलो हितं?"

"नाय. पुढच्या हंगामात गोमा पळसदरीच्या आबाजीकडं गेला. का गेला कुणास ठाव. आमचं काय वाकडं नव्हतं." हे सांगताना बाईंच्या आवाजात अजूनही थोडी नाराजी होती.

खालापूरच्या फाट्यावर दोघींनी वडापाव घेतला. छाया चिडली होती, म्हणजे खरं तर रडकुंडीला आली होती. "झालं मग. आता पळसदरीला जाऊन काय दिवे लावायचे? घरी जाऊ."

मंगळी वडापाव हातात धरून आपल्या घोट्याकडे बघत बसली होती. कबड्डीत ढोपरं फुटलेली, नडगीवर तीन वर्षांपूर्वीची खूण, लहानपणी कोयता लागला होता तीही जागेवर. "छाये, माज्या अंगावरचा एकबी डाग आजपोत गेलेला नाय. मग भाजल्याचा कसा गेला?"

"लहानपणीचे जातात."

"आन बाप थंडीतली म्हणतो. इंदूबाई उन्हाळ्यातली म्हणते. बापाला थंडी आन ऊन कळत नाय का?"

"म्हणजे तुला अजून वाटतंय तू बसशील संघात?"

"ते नाय," मंगळी म्हणाली. "संघाचं जाऊ दे आता. पण कोणतरी चुकतंय. कोण ते नको कळाया?"

छायाने तिच्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि गाडीची चावी फिरवली. खोपोलीकडून डोंगराच्या कडेकडेने त्या पळसदरीला उतरल्या.

आबाजींचं घर शोधायला वेळ लागला नाही. आबाजी ओटीवर बसले होते, पण त्यांना ऐकू येत नव्हतं. मंगळीने तीनदा ओरडून बापाचं नाव सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भट्टी बंद हाय, विटा नायत." मग आतून त्यांची सून सुरेखा पदराला हात पुशीत आली. पंचेचाळिशीची, ठसठशीत. तिने विचारलं, कोण गं तुमी? मंगळीने सांगितलं. सुरेखा दारातच उभी राहिली, मग पुढे येऊन तिने मंगळीच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली.

"माजं दूध प्यायलीस तू," ती म्हणाली.

मंगळी तिचा चेहरा निरखू लागली.

"माजा सुनील सोमवारी झाला, आन त्याच आठवड्यात शुक्रवारी तू. तिथं, त्या आंब्याखाली खोप होती तुमची. शुक्रवारी भट्टीला सुट्टी, म्हणून टेंपो मोकळा होता. त्यानंच नर्सबाईला आणली. भागीला लय ताप भरला, तीन दिवस दूधच नाय. मग मीच घ्यायची तुला. एका बाजूला ह्यो, एका बाजूला तू." सुरेखा हसली. "तुजा दूधभाऊ आता खोपोलीला कॉलेजात जातोय. तुज्यासारखा उंच नाय पण."

"सुनील कितीचा?" छायाने घाईघाईने विचारलं.

"डिसेंबरात एकोणीस झाली."

छायाने मंगळीचा दंड असा दाबला की वळ उठावा. एकोणीस! डिसेंबर दोन हजार सहा! थंडीतली! पण मंगळीचं लक्ष भलतीकडेच होतं. वाडीवर नावं वारावरून पडतात. सोमवारची ती सोमी, बुधवारची बुधी, शुक्रवारची शुक्री. त्यात चूक होत नाही, कारण कागद नसलेल्या माणसांचा तोच कागद.

"वहिनी, शुक्रवारी झाले तर माजं नाव मंगळी कसं?"

सुरेखाचा हसरा चेहरा जरा उतरला. "मीबी तेच विचारलं होतं. पाचवीला म्हटलं, शुक्री ठेव की. भागी म्हणाली, मंगळी. म्हटलं, अगं, पण वार? तर नुसती माज्याकडं बघत राहिली. तेवा लय रडायची ती. समद्यांना वाटायचं, पोरगी झाली म्हणून रडती. पण मला नाय वाटलं तसं. मुलगी झाली म्हणून रडणारी बाई पोरीला असं छातीशी आवळून धरत नाय."

सुरेखाच त्यांना ग्रामपंचायतीत घेऊन गेली. ग्रामसेवकाने जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि डिसेंबरच्या पानावर बोट फिरवत तो थांबला. पंधरा डिसेंबर दोन हजार सहा. स्त्री. आईचं नाव भागी गोमा हिलम, वडिलांचं गोमा. बाळाच्या नावाचा रकाना मोकळा.

"त्या वेळी नाव ठेवलेलं नसतं, मग पुढं कुणी घालायला येत नाही," ग्रामसेवक म्हणाला. "पण बिननावाचा दाखला तुमच्या काही कामाचा नाही. हा अर्ज घ्या. नाव भरा, आईबापाचे अंगठे आणा. उद्या दिलात तर परवा दाखला देतो."

बाहेर आल्यावर छायाने उडी मारली. मग स्वप्नील सरांना फोन लावला, मग आईला, मग संघातल्या दोघींना. सगळ्यांना सांगून झाल्यावर तिने वळून बघितलं. मंगळी ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसली होती, बोटं मोजत.

"मंगे, अगं जमलं! तू एकोणीसची हायस!"

"होय," मंगळी म्हणाली. "पण मग पुराच्या पुढच्या होळीला विटांवरनं चालली ती कोण?"

छायाने फोन खिशात टाकला आणि ती तिच्याजवळ पायरीवर बसली.

"मी तर तवा झालेच नव्हते," मंगळी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "भाजलेला पाय तिचा. गुलाबी कार्ड तिचं. मंगळवार तिचा. छाये, मी दोन हजार पाचची नव्हतेच कवा. ती होती."

कर्जतपर्यंत मंगळीने एकही प्रश्न विचारला नाही. छायाने दोनदा मान वळवून बघितलं, ती मागे आहे ना म्हणून.

नेरळच्या अलीकडच्या भट्टीवर त्या पोचल्या तेव्हा उन्हं कलायला लागली होती. गोमा चिखल तुडवून पाय धूत होता. भागी साच्यातली शेवटची ओळ थापत होती. लेकीला अवेळी आलेली बघून दोघंही घाबरले. गोमाने पहिल्यांदा विचारलं, "मावशी बरी हाय ना?" मंगळीने अर्ज पुढे केला. पळसदरी, शुक्रवार, सुरेखा, सगळं सांगितलं. मग म्हणाली, "लोधिवलीलाबी गेलो होतो. इंदूबाईकडं."

भागीच्या हातातला साचा तिथेच राहिला. ती उठून खोपीत गेली, आणि मंगळी तिच्यामागे गेली. यावेळी पाणी भरायला जाऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलंच होतं.

"आये, ती कुठं हाय?"

भागीने पाठ फिरवली. गोमा दारात येऊन वाकून उभा राहिला. मग तोच बोलला. पावसात ताप आला, म्हणाला. ओढ्याला पाणी होतं, पलीकडे जाता येईना. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. दीड वर्षाचीही झाली नव्हती. भागीच्या पोटात तेव्हा मंगळी होती, पाचवा महिना. "लोधिवलीला परत जायची हिंमत नाय झाली. समदी विचारली असती, मंगळी कुठं म्हणून. म्हणून पळसदरीला गेलो. तिथं कुणाला ठाव नव्हतं."

"आन तिचं नाव मला दिलं."

"मीच दिलं," गोमा म्हणाला. "तुजी आय शुक्रीच म्हणत होती पहिली. पण मला सवय पडली होती. कामावरनं आलो की लांबनंच हाक मारायचो, मंगे. ती गेली तरी हाक तोंडात यायचीच, आन मग लोक बघायचे. तू झालीस, तवा म्हटलं, घरात कुणीतरी मंगळी असंल तर हाक मारता तरी येईल." त्याने डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून घेतले. "पहिलंपहिलं मी तिलाच हाक मारायचो. खोटं कशाला बोलू. मग एक दिवस तू ओ दिलीस."

छाया खोपीच्या बाहेर उभी होती. अर्ज साच्याजवळच पडला होता, तो तिने उचलून घेतला.

"मला का नाय सांगितलं?" मंगळीने आईला विचारलं. रागाने नाही. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

भागीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "भ्याले. तिचं नाव बोलले तर ती येईल आन म्हणेल, माजं नाव मला दे. आन नावाबरोबर तुलाबी नेईल. म्हणून इतकी वर्सं तिच्यावरनं एक शब्द काढला नाय मी. डोळ्यांतलं पाणीसुदीक तुज्यासमोर काढलं नाय." तिने पदर तोंडात धरला. "आता लिवतायच तर दुसरं लिवा. चांगलं, नवं. छायासारकं. त्ये नाव सोड तू, बाय."

छायाने आत येऊन अर्ज गुडघ्यावर ठेवला होता आणि पेन उघडलं होतं. मोकळा रकाना समोर होता. मंगळीला एकदम स्पष्ट दिसलं, उद्या हा कागद दिला की शाळेतली आणि आधारवरची दोन हजार पाचची नोंद खोडली जाईल, आणि ती नोंद खोडली की जगात त्या पोरीचं म्हणून काहीही उरणार नाही. तिची ना कुठे जन्माची नोंद, ना मरणाची. तिचं जे काही होतं ते एवढी वर्षं मंगळीच्याच अंगावर होतं, तिला न कळता. संघात जायचं तर ते काढून टाकावं लागणार होतं. आणि संघात जायचं तर होतंच. मंगळीला रडू आलं, आणि ते कुणासाठी आलं हे तिला सांगता आलं नसतं.

"छाये, लिही," ती म्हणाली. "तारीख माजी लिही. नाव तिचंच राहू दे. मंगळी."

"आन ती आली मागाया तर?" भागीने विचारलं. इतक्या वर्षांची भीती होती ती, एका कागदाने जाणार नव्हती.

मंगळी आईच्या शेजारी, जमिनीवर बसली. "येऊ दे. तिला म्हणावं, तुज्या धाकट्या भणीकडं हाय. वापरती, पण टाकलं नाय तिनं."

भागीने ओल्या मातीने भरलेला हात लुगड्याला पुसला आणि अंगठा पुढे केला.